बडोद्याहून सौराष्ट्राचा किनारा: मित्रांसोबत सहा दिवसांची गाडीसहल कशी आखावी

नोकरीसाठी पुण्या-नाशिकहून बडोद्यात आलेले मराठी लोक वर्षभरात एकदा तरी विचारतात, "इथून समुद्र कुठे जवळ आहे?" उत्तर मिळतं दमण, नाहीतर सरळ गोव्याचं विमान. आमचा डांड्या बाजारातला पाच जणांचा कंपू मात्र उलट दिशेला, काठियावाडात गेला. पहिल्या खेपेला बऱ्याच चुका केल्या, दुसऱ्या खेपेला त्या टाळल्या. लोथल, भावनगर, दीव, सोमनाथ, जुनागढ आणि येताना अमरेली, असा हा रस्ता आहे. सगळं मिळून नऊशे ते हजार किलोमीटर, पाच मुक्काम.

सुरुवातीलाच एक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ही सहल किलोमीटर मोजून आखू नका, वेळा बघून आखा. इथला समुद्र स्वतःच्या वेळेला रस्ता देतो, संग्रहालयांना ठरलेल्या सुट्ट्या असतात आणि किल्ले संध्याकाळी बंद होतात. या तीन गोष्टी कागदावर आधी मांडा, हॉटेल त्यानंतर.

१. आधी एक दिवसाची तालीम: चांपानेर

गाडी नवी असो वा जुनी, पाच-सहा जण एकत्र लांब कधी गेले नसाल तर आधी एका रविवारी चांपानेरला जाऊन या. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर आहे. कोण गाडी कशी चालवतो, कोणाला मागच्या सीटवर मळमळतं, कोण सकाळी सहाला खरंच तयार असतो, हे त्या एका दिवसात कळतं.

पण चांपानेर फक्त तालमीपुरतं नाही. महमूद बेगड्यानं १४८४ साली पावागड जिंकला आणि पायथ्याशी आपली राजधानी वसवली. पुढे १५३५ मध्ये हुमायूननं चांपानेर घेतलं. त्या धामधुमीत सुलतान बहादूरशाह दीवला पळाला, आणि मोगलांविरुद्ध मदत हवी म्हणून त्यानं पोर्तुगीजांना दीवमध्ये किल्ला बांधायची परवानगी दिली. म्हणजे तुम्ही जो दीवचा किल्ला बघायला निघाला आहात त्याची कथा बडोद्याच्या दाराशीच सुरू होते. आधी जामा मशिदीतलं दगडी कोरीवकाम बघा आणि मग दीवला जा. सहलीला एक सूत्र मिळतं, आणि गाडीत बोलायला विषयही.

२. महिना आणि वार ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही चार वेळा टाळा.

दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत निम्मं गुजरात रस्त्यावर असतं. दीव आणि सोमनाथला त्या दिवसांत खोली मिळाली तरी ती मनासारखी नसते. कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा गिरनारची लीली परिक्रमा असते, जुनागढ माणसांनी फुलून जातं. परिक्रमाच करायची असेल तर तेव्हाच जा, किल्ला बघायचा असेल तर नको. महाशिवरात्रीला जुनागढलाच भवनाथचा मेळा असतो, तेव्हाही तसंच. आणि ३१ डिसेंबरला दीव नकोच.

वाराचा हिशेब असा: लोथलचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं आणि राज्य सरकारची संग्रहालयं बुधवारी बंद असतात. आम्ही पहिल्यांदा शुक्रवारी निघालो, कारण सगळ्यांना शनिवार-रविवार जोडून हवे होते. लोथलला कुलूप बघून परत फिरलो. तेव्हा बुधवारी निघा. बुधवारी लोथल, शुक्रवारी गर्दीच्या आधी दीव, रविवारी जुनागढ, सोमवारी संध्याकाळी घरी. रजा चारच दिवस पडते.

३. कागदपत्रं आणि सामान

गाडीचं आरसी, चालू विमा, पीयूसी, आणि जे जे गाडी चालवणार त्या सगळ्यांचे परवाने. फोनमध्ये डिजिलॉकरवर ठेवा, पण झेरॉक्सचा एक संच गाडीतही असू द्या. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हवं. दीवच्या हॉटेलांत प्रत्येकाचं मागतात, एकाच्या आधारवर पाच जणांना खोली मिळत नाही.

सामानात हे विसरू नका:
– जुने कॅनव्हासचे बूट किंवा पट्ट्याच्या चपला, चिखलात घालायला (कारण पुढे येतं)
– चांगली विजेरी
– टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप
– पाण्याचा वीस लिटरचा कॅन
– एक कापडी पिशवी, सोमनाथला सगळ्यांचे फोन एकत्र जमा करायला

गाडी भाड्यानं घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे देऊन नेणं स्वस्त पडतं खरं, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि मैत्रीतही वितुष्ट येतं.

स्टेपनी स्वतः खाली उतरवून बघा. आम्ही ज्याच्याकडून गाडी घेतली त्यानं "सगळं चेक केलंय" म्हणून सांगितलं. धोलेराच्या पुढे टायर बसला. दोन्ही बाजूंना मिठाची पांढरी जमीन, सावलीला एक झाड नाही. स्टेपनी काढली तर अंगठ्यानं दाबली जात होती. एका ट्रकवाल्यानं स्वतःच्या नळीनं हवा भरून दिली, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून पंप आमच्या गाडीत कायमचा आहे.

४. पहिला दिवस: बडोदा ते भावनगर, वाटेत लोथल

वासद, बोरसद, तारापूर, वटामण आणि मग धोलेरावरून भावनगर. साधारण दोनशे किलोमीटर. लोथलसाठी वटामणनंतर वाट वाकडी करावी लागते. सकाळी सहाला निघा. पेट्रोल वटामण चौकडीपर्यंत भरून घ्या, पुढे वस्ती विरळ होत जाते.

बरेच जण अजून सांगतात, "दहेजहून घोघ्याची रो-रो पकडा, दोन तासांत पलीकडे." रो-रो म्हणजे गाडीसकट नेणारी बोट. ही जुनी माहिती आहे. दहेज-घोघा सेवा २०१७ साली सुरू झाली, पण नर्मदेच्या मुखातल्या गाळानं ती टिकू दिली नाही. नोव्हेंबर २०२० पासून बोट हजिरा-घोघा अशी चालते. हजिरा म्हणजे सुरत. बडोद्याहून तिथे दीडशेहून जास्त किलोमीटर उलट जायचं आणि मग बोटीत बसायचं, यात काहीच वाचत नाही. सुरतेचे मित्र येणार असतील तर त्यांनी तिकडून यावं आणि भावनगरला भेटावं, ते मात्र सोयीचं आहे.

लोथल बघताना डोळ्यांना फारसं काही दिसत नाही अशी तक्रार होते. म्हणून आधी संग्रहालय बघा, मग बाहेर या. १९५५ पासून एस. आर. राव यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन झालं. भाजक्या विटांचा जो लांबलचक हौद दिसतो, दोनशे मीटरहून लांब आणि छत्तीस-सदतीस मीटर रुंद, तो हडप्पाकालीन गोदी मानला जातो. त्याच्या काठावर बसून विटांची ओळ नीट बघा. चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ती अशी सरळ लावली की आजही दोरी धरल्यासारखी दिसते. समुद्र आता तिथून कितीतरी लांब सरकला आहे. किनाऱ्याच्या सहलीची सुरुवात समुद्र नसलेल्या बंदरापासून करावी, असं मी दरवेळी सगळ्यांना सांगतो.

भावनगरला संध्याकाळी पोचलात तर तख्तेश्वराच्या टेकडीवर जा. १८९३ सालचं संगमरवरी मंदिर आहे, आणि वरून शहर आणि खाडी दोन्ही दिसतात.

५. दुसरा दिवस: कोळियाक, आणि भरती-ओहोटीचा हिशेब

हा भाग सावकाश वाचा. नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात.

भावनगरपासून पंचवीसेक किलोमीटरवर कोळियाक गाव आहे. तिथे समुद्रात, किनाऱ्यापासून बऱ्याच आत, निष्कलंक महादेवाचा चौथरा आहे. पाच पांडवांनी स्थापलेली म्हणून पाच शिवलिंगं, प्रत्येकासमोर नंदी. भरतीला सगळं पाण्याखाली जातं, फक्त झेंड्याचा खांब वर दिसतो. ओहोटीला चालत जाता येतं.

आमच्यातल्या एकाची आजी रत्नागिरीची. तिनं शिकवलेला नियम त्याला पाठ होता: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. कोकणात हा नियम चालतो. आम्ही त्यावर विसंबून कोळियाकला पोचलो आणि समोर नुसतं पाणी! खांबाचं टोक आणि वर फडफडणारा झेंडा, बस्स. किनाऱ्यावरच्या नारळवाल्यानं विचारलं, "कुठून आलात? कुणी वेळ सांगितली?"

आजीचा नियम खोटा नव्हता, जागा वेगळी होती. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. भरतीचं पाणी तोंडातून आत शिरून वरपर्यंत पोचायला कित्येक तास लागतात, म्हणून भावनगरची भरती मुंबई-रत्नागिरीच्या मागून येते. आणि अरुंद जागेत ते पाणी चढतं किती? अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भावनगरला भरती आणि ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, जवळजवळ तीन मजली घराएवढा. म्हणूनच भावनगर बंदराला पाणी अडवून ठेवणारं लॉकगेट बांधावं लागलं, नाहीतर ओहोटीला आतली जहाजं चिखलात बसतील.

तेव्हा असं करा. भावनगर बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर बघा. मुंबईचं नको. वेळ रोज पाऊण तास ते तासभर पुढे सरकते, म्हणून "मागच्या आठवड्यात मित्र दहाला गेला होता" याचा उपयोग नाही. आदल्या संध्याकाळी हॉटेलात विचारून खात्री करा. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी किनाऱ्यावर या आणि पाणी ओसरताना बघा. आधी खांब उघडा पडतो, मग नंदीची पाठ, मग पूर्ण चौथरा. लोक पाण्याच्या मागोमाग चालायला लागतात. ओहोटीची वेळ भल्या पहाटे किंवा रात्री येत असेल तर सहलीचा दिवसच एक-दोन दिवस इकडेतिकडे करा. आम्ही दुसऱ्या खेपेला तारीख ठरवली ती या एका वेळेवरून.

आत जाताना पायात काहीतरी घाला. वाट चिखलाची आहे, आणि दगडांना चिकटलेले शिंपले पात्यासारखे कापतात. माझ्या टाचेला लागलं आणि खाऱ्या चिखलामुळे दोन दिवस झोंबत होतं. पुजारी किंवा गावकरी "चला, निघा" म्हणाले की तेव्हाच निघा, आणखी एक फोटो काढायला थांबू नका. सपाट किनाऱ्यावर पाणी परत येतं तेव्हा ते समोरूनच येतं असं नाही, बाजूच्या सखल भागातून आधी आत शिरतं. श्रावण अमावास्येला (गुजरातीत ‘भादरवी अमास’) इथे मोठा मेळा असतो, तेव्हा गर्दी फार.

तिथून तळाजा, महुवा, उना करत दीव. राष्ट्रीय महामार्ग ५१ किनाऱ्याला समांतर जातो. वाटेत अलंगचा फाटा लागतो. जहाजं तोडायच्या वाड्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, गेटवर हुज्जत घालू नका. पण रस्त्याच्या कडेला जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकानं मैलभर पसरली आहेत: चिनीमातीच्या बशा, पितळी दिवे, लाइफ जॅकेट, खुर्च्या. अर्धा तास ठरवून उतरा. आम्ही दोन तास घालवले आणि दीवला अंधारात पोचलो. या रस्त्यावर अंधारात नीलगाय, गुरं आणि मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर असतात. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही हा नियम सगळ्यांनी आधीच मान्य करून घ्या.

६. तिसरा दिवस: दीव

किल्ल्यावर सकाळी लवकर जा, उन्हं चढायच्या आत. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला खंदक. १५३५ ला काम सुरू झालं, आणि पोर्तुगीज इथून गेले ते थेट १९ डिसेंबर १९६१ रोजी. तटावरून पाण्यात उभा असलेला पाणीकोठा, म्हणजे छोटा जलदुर्ग, दिसतो. सेंट पॉल चर्च किल्ल्यापासून जवळ आहे. आतलं लाकडी कोरीवकाम बघायला पाच मिनिटं शांत बसा, बोलू नका, तिथे प्रार्थना चालते.

आयएनएस खुकरीचं स्मारक बघितल्याशिवाय परतू नका. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ही युद्धनौका दीवच्या किनाऱ्यासमोर बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. तिथून समोर दिसतो तोच तो समुद्र.

नागवा किनाऱ्यावर पोहणं बरं, पण खडकाळ भागात उतरू नका. मासे खाणाऱ्यांनी भूक दीवसाठी राखून ठेवावी, कारण बाकी सगळ्या रस्त्यावर शाकाहारी ढाबेच जास्त. तेही उत्तम असतात: बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, लसणाची चटणी आणि ताक.

आता महत्त्वाचं. दीवमध्ये दारू चालते, गुजरातमध्ये दारूबंदी आहे. परतताना नाक्यावर गाडी तपासतात. एक बाटलीसुद्धा सोबत आणू नका, अर्धी उरलेलीही नाही. गाडी जप्त होते, सगळ्यांवर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि पुढची सहल पोलीस ठाण्यात संपते. निघायच्या सकाळी डिकी आणि सीटखालची जागा स्वतः तपासा. मित्रांवर विश्वास असला तरी तपासा.

७. चौथा दिवस: कोडिनार, सोमनाथ आणि जुनागढला मुक्काम

दीवहून सोमनाथ पंच्याऐंशीच्या आसपास किलोमीटर. वाटेतलं कोडिनार एकेकाळी बडोदे संस्थानात होतं. इतक्या दूर, मध्ये दुसऱ्यांचा मुलूख, आणि तरी कारभार बडोद्याचा. माझे आजोबा बडोद्याच्या नोकरीत होते, कोडिनारला बदली झाली की घरात चिंता पडायची असं आई सांगते. मी तिथे गाडी थांबवून चहा घेतोच.

सोमनाथला फोन, कॅमेरा आत नेता येत नाही. जमा करायची सोय बाहेर आहे, पण प्रत्येकानं वेगळी रांग लावण्यापेक्षा एकाच पिशवीत सगळं ठेवा आणि टोकन एकाकडे द्या. नाहीतर सामान मौल्यवान असेल तर गाडीतच, डिकीत. आत गेल्यावर कुठे भेटायचं ते आधी ठरवा, कारण फोन नसतो.

आजचं मंदिर सरदार पटेलांच्या १९४७ च्या संकल्पातून उभं राहिलं. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली. पण आपली मराठी माणसं एक गोष्ट चुकवतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. मुख्य मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर अहिल्याबाई होळकरांनी १७८३ साली बांधलेलं मंदिर आहे. पुन्हा हल्ला झाला तरी लिंग सुरक्षित राहावं म्हणून ते तळघरात स्थापलं. काही पायऱ्या उतरून खाली गेलात की बाहेरची गर्दी ऐकू येत नाही. दीड-पावणेदोनशे वर्षं सोमनाथची पूजा याच छोट्या मंदिरानं सांभाळली.

दुपारी चारच्या आत निघा आणि जुनागढला उजेडी पोचा.

८. पाचवा दिवस: जुनागढ

गिरनारचा रोपवे २०२० मध्ये सुरू झाला, आणि त्याबरोबर एक मोठा गैरसमजही. रोपवे अंबाजीपर्यंतच जातो. दत्तशिखर त्याच्या पुढे आहे, उतार उतरून पुन्हा चढायचं असतं, जाऊन येऊन काही तास मोडतात. दत्तदर्शन हवं असेल तर पहाटेच पहिली फेरी पकडा आणि तो दिवस त्यालाच द्या. वारा जोरात असला की रोपवे बंद ठेवतात, तेव्हा खाली उतरायला गुडघे तयार हवेत. गटात दोन मतं असतील तर दोन तुकड्या करा, यात रुसण्यासारखं काही नाही.

खाली राहणाऱ्यांनी गिरनारच्या रस्त्यावरचा शिलालेखांचा खडक बघावा. अशोकाच्या आज्ञा, इसवी सन १५० मधला रुद्रदामनाचा संस्कृत लेख आणि स्कंदगुप्ताचा लेख, तिन्ही एकाच दगडावर. नंतरचे दोघे एकाच गोष्टीबद्दल लिहितात: अतिवृष्टीनं सुदर्शन तलावाचं धरण फुटलं, ते आम्ही दुरुस्त केलं. मी स्वतः सिंचन खात्यात असल्यानं तिथून मला उठवत नाही.

मग उपरकोट. नीलम तोफ शोधा. १५३८ मध्ये दीवला वेढा घालायला आलेल्या तुर्की आरमारानं मागे सोडलेली ती तोफ आहे. दोन दिवसांपूर्वी तुम्ही ज्या तटावर उभे होतात तोच तिचा निशाणा होता. अडीकडी वाव (पायऱ्यांची विहीर) खडकातच खोदलेली आहे, पायऱ्या ओलसर असतात, जपून उतरा. महाबत मकबरा संध्याकाळच्या उन्हात बघा. गोल जिने बाहेरून वळत जाणारे मनोरे शेजारच्या बहाउद्दीन मकबऱ्याचे आहेत, फोटोखाली नाव लिहिताना सगळे चुकतात.

९. सहावा दिवस: अमरेलीवरून घरी

सरळ राजकोटवरून येऊ नका. अमरेलीवरून या. हा बडोदे संस्थानाचा प्रांत होता. १८९३ साली सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग इथे केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. शहरात थांबून गांठिया खा, जुन्या राजमहालाच्या बाजूनं एक फेरी मारा आणि अकराच्या आत निघा. इथून बडोदा सुमारे तीनशे किलोमीटर. धोलेरा-वटामणचा पट्टा उजेडीच ओलांडायचा.

वटामणला चहाला थांबलात की तिथेच हिशेब मिटवून टाका. पहिल्या दिवशी सगळ्यांकडून सारखी रक्कम घेऊन एकाकडे द्यायची, टोल-पेट्रोल-जेवण त्यातूनच. दारू आणि खरेदी ज्याची त्यानं.

दुसऱ्या दिवशी गाडी धुवायला द्याल तेव्हा खालची बाजू गोड्या पाण्यानं धुवा असं मुद्दाम सांगा. कोळियाकचा चिखल आणि धोलेऱ्याचं मीठ चाकांच्या आत बसलेलं असतं, वरून गाडी चकाचक दिसली तरी.